मोठ्या वयाचा कुत्रा दत्तक घ्यायचाय? कवठे महांकाळसारख्या गावात राहत असाल तर आधी हे वाचा

दत्तक द्यायच्या कुत्र्यांचे फोटो सोशल मीडियावर रोज दिसतात. पिल्लाचा फोटो असेल तर काही तासांत "मला हवंय" अशा कमेंट्सची रांग लागते. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेल्या, आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याचा फोटो असेल तर हात जोडलेले इमोजी येतात, कुणीतरी "देव करो आणि याला घर मिळो" असं लिहितं आणि पोस्ट खाली सरकते. तो कुत्रा पिंजऱ्यातच राहतो.

इमोजीच्या पुढे जाऊन खरंच असा कुत्रा घरी आणावा का, असा विचार अनेकांच्या मनात येतो. पण प्रश्न बरेच असतात. त्याला आपला लळा लागेल का? आजारपण किती निघेल? चावला तर? पुण्या-मुंबईत निदान विचारायला माणसं असतात. कवठे महांकाळ, जत, आटपाडी, तासगाव अशा भागात राहणाऱ्यांनी कुठे चौकशी करायची? एकेक प्रश्न घेऊ.

'मोठ्या वयाचा' म्हणजे नेमका किती?

साधारणपणे ७ वर्षांच्या पुढचा कुत्रा वयस्क धरतात. पण हे आकारावर अवलंबून असतं. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डसारखी मोठी जात ५-६ वर्षांतच उतरणीला लागते, तर छोट्या जातीचा कुत्रा नवव्या-दहाव्या वर्षीही तरतरीत असतो. त्यामुळे "कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात" हे गणित सरसकट लागू पडत नाही. आपल्याकडचा मध्यम अंगाचा गावठी कुत्रा घरात नीट सांभाळला तर १२-१४ वर्षं सहज जगू शकतो. म्हणजे ८ वर्षांचा कुत्रा आणलात, तर पुढची चार-पाच वर्षं त्याची जबाबदारी घेण्याची तयारी हवी.

संस्थेने सांगितलेलं वय हा अंदाज असतो, हेही लक्षात ठेवा. कुत्र्याचे कायमचे दात सातव्या महिन्यापर्यंत येऊन जातात. त्यानंतर वय ठरवायचं ते दातांची झीज, त्यावरचा पिवळा थर, डोळ्यांतली झाक आणि पांढरे केस बघून. दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात.

हे कुत्रे निवाऱ्यात येतात कुठून?

"मोठा कुत्रा सोडून दिलाय म्हणजे त्याच्यातच काहीतरी खोट असणार" हा सर्वात मोठा गैरसमज आहे. बहुतेक वेळा कारण माणसाकडचं असतं. मालक वारले, घर बदललं, मूल झालं, परदेशी नोकरी लागली, किंवा कुत्रा आजारी पडला आणि खर्च नको झाला. पिल्लं विकण्यासाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या माद्या वय झालं की सोडून दिल्या जातात. काही कुत्रे रस्त्यावरच वाढलेले असतात आणि अपघातानंतर निवाऱ्यात येतात. पाय गेला किंवा डोळा गेला की त्यांना परत रस्त्यावर सोडता येत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची संख्याच मुळात मोठी आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे मोजले गेले. त्यातले जवळपास पावणेतेरा लाख महाराष्ट्रात होते.

आपल्याकडे एक म्हण आहे: कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. म्हण माणसांबद्दल आहे, पण कुत्र्यांबद्दलही लोक तसंच समजतात. प्रत्यक्षात मोठा कुत्रा नवी जागा, नवं नाव, लघवीला कुठे जायचं हे सगळं शिकतो. पिल्लापेक्षा त्याचं लक्ष जास्त टिकतं, त्यामुळे काही गोष्टी तो लवकरच शिकतो. शिवाय त्याचा स्वभाव घडलेला असतो. तो शांत आहे की चिडका, मुलांना सहन करतो की नाही, हे आणण्याआधीच बघता येतं. पिल्लाच्या बाबतीत हे कळायला वर्ष जातं.

याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचं बॉम्बे हाऊस. टाटा समूहाच्या या मुख्यालयाचं २०१८ मध्ये नूतनीकरण झालं, तेव्हा तिथे आसऱ्याला येणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी वेगळी जागा ठेवण्यात आली. रतन टाटांचा लाडका 'गोवा' हाही मूळचा रस्त्यावरचाच.

कवठे महांकाळच्या आसपास कुठे चौकशी करायची?

सांगली, सातारा आणि सोलापूर या पट्ट्यात 'ॲनिमल राहत' ही संस्था २००३ पासून काम करते. तिचं मूळ काम ओझी ओढणारे बैल, गाढवं आणि घोडे यांच्यासाठी आहे आणि म्हाताऱ्या बैलांना ती सांभाळते. त्यासोबत गावांतल्या कुत्र्यांवर उपचार आणि निर्बीजीकरणही होतं. आपल्या भागात सुरुवात इथून करता येते. पुण्यात 'रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट' २००७ पासून, तर मुंबईत 'द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्स' १९८५ पासून काम करत आहे. मोठे कुत्रे दत्तक देण्याबद्दल या संस्थांकडे विचारता येतं.

पुण्याहून कुत्रा आणायचा तर प्रवास काही तासांचा आहे. त्यामुळे पहिल्याच भेटीत उचलून आणू नका. एकदा जा, दोन-तीन तास त्याच्यासोबत काढा, घरी या, विचार करा. दुसऱ्यांदा जाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची भेट मोकळ्या, दोघांनाही अनोळखी जागेत घडवा.

संस्था काय विचारेल, तुम्ही काय विचारायचं?

चांगली संस्था तुमची बरीच चौकशी करते. घर स्वतःचं आहे का, दिवसभर घरी कोण असतं, कुत्रा बांधून ठेवणार का, बाहेरगावी गेलात तर कोण बघणार? घराचे फोटो मागते आणि करारावर सही घेते. याचा राग मानू नका. या कुत्र्याला एकदा कुणीतरी सोडलेलं आहे आणि पुन्हा तसं होऊ नये, एवढीच त्यामागची काळजी असते.

तुम्हीही मोकळेपणाने विचारा:

• तो इथे कसा आला आणि किती दिवसांपासून आहे?
• आजवर कुणाला चावला आहे का? कोणत्या प्रसंगी?
• खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का?
• लहान मुलं, मांजर, कोंबड्या, शेळ्या यांच्याशी कसा वागतो?
• निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाली आहे का? कागद आहे का?
• सध्या कोणती औषधं चालू आहेत आणि ती किती काळ द्यायची आहेत?
• जमलं नाही तर संस्था त्याला परत घेईल का?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. पण "परत घेऊ" म्हणणारी संस्था जास्त भरवशाची असते.

शेळ्या-कोंबड्यांचा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. मुधोळ किंवा कारवान जातीचे सडपातळ, लांब तोंडाचे कुत्रे सीमाभागातल्या धनगर वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात. पळणारं जनावर दिसलं की त्यामागे सुटणं हा त्यांचा स्वभाव आहे आणि म्हातारपणातही तो पूर्ण जात नाही. शेजारी कोंबड्या असतील तर दहा वेळा विचार करा. अशा कुत्र्यांच्या अंगावर मांस कमी असतं. फरशीवर झोपून त्यांच्या कोपरांना घट्टे पडतात, म्हणून जुनी वाकळ किंवा गोधडी घालून द्या.

घरी आणताना आधी पशुवैद्यकाकडे

तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तपासणी आणि लसीसाठी तिथे जा. रक्ततपासणी, एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागली तर मिरज-सांगली गाठावी लागते. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुत्रा घरी येण्याआधीच रात्री-अपरात्री फोन उचलेल असा एक डॉक्टर शोधून ठेवा.

पहिल्या तपासणीत या गोष्टी बघून घ्या:

दात: वयस्क कुत्र्यांत हिरड्यांचा आजार फार सापडतो. तोंडाला वास येत असेल, एका बाजूनेच चावत असेल, तर त्याला दुखत असतं.

डोळे: सातव्या वर्षानंतर डोळ्यांत निळसर झाक येते. प्रत्येक वेळी तो मोतीबिंदू नसतो. या झाकेमुळे कुत्रा आंधळा होत नाही. फरक डॉक्टरच सांगू शकतात.

सांधे: उठताना वेळ लागणं, पायरी चढायला नको म्हणणं ही संधिवाताची लक्षणं. वजन कमी ठेवणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

मूत्रपिंड: जास्त पाणी पिणं आणि जास्त लघवी होणं हा इशारा असतो. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासली की अंदाज येतो.

गोचीड ताप: गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसियाचे संसर्ग आपल्याकडे खूप आहेत. ताप, पांढऱ्या हिरड्या, नाकातून रक्त अशी लक्षणं दिसतात. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक कुत्रे बरे होतात.

मादी असेल तर: निर्बीजीकरण न झालेल्या वयस्क मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. पाळीनंतर काही आठवड्यांनी ती मलूल झाली, खूप पाणी पिऊ लागली तर थांबू नका. यात जीव जाऊ शकतो. स्तनांत गाठी आहेत का, हेही बघा.

बाह्य जननेंद्रियावर गाठ किंवा रक्तस्राव: रस्त्यावरच्या कुत्र्यांत एकमेकांपासून लागणारा एक कर्करोग आढळतो. नाव ऐकून लोक घाबरतात, पण तो विन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बहुधा पूर्ण बरा होतो आणि माणसाला लागत नाही.

जुना लसीकरणाचा कागद नसेल तर लस झालेलीच नाही असं धरून चाला. रेबीजची लस दरवर्षी द्यायची. जंताचं औषधही लगेच द्या.

एक सक्त सूचना: घरातली ताप-अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्हींमुळे त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो.

पहिले ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने

कुत्रे दत्तक देणाऱ्या संस्थांमध्ये तीनचं एक गणित सांगतात. ते शास्त्रीय नियम नव्हे, अनुभवातून आलेला अंदाज आहे.

पहिले ३ दिवस कुत्रा भांबावलेला असतो. खात नाही, कोपऱ्यात बसतो, किंवा नुसता झोपतो. पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, सारखं अंगावर हात फिरवू नका. एक कोपरा त्याचा ठरवून द्या आणि तिथे गेला की त्याला कुणी छेडायचं नाही हा घरातला नियम करा.

३ आठवड्यांत त्याला घराचं वेळापत्रक कळतं. याच काळात खरा स्वभाव बाहेर येतो. सुरुवातीला गरीब वाटलेला कुत्रा भांड्याजवळ गुरगुरू शकतो. गुरगुरला म्हणून मारू नका. मारलं तर तो गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

३ महिन्यांत तो घरचा होतो. काहींना सहा महिने लागतात.

पहिल्या काही आठवड्यांत सर्वात मोठा धोका पळून जाण्याचा असतो. घाबरलेला कुत्रा फटाका वाजला किंवा डीजे सुरू झाला की सुसाट सुटतो आणि नव्या गावात त्याला परतीची वाट माहीत नसते. फाटक बंद ठेवा, मळ्यात मोकळा सोडू नका आणि पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर लिहिलेला बिल्ला पहिल्याच दिवशी लावा.

खाण्याचं काय? नुसती दूध-भाकरी पुरत नाही. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. भात किंवा भाकरीसोबत उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं चिकन किंवा मासे द्या. शिजवलेलं हाड चिरफळतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं, म्हणून ते टाळा. कांदा-लसूण घातलेलं कालवण, चॉकलेट देऊ नका. दात खराब असतील तर अन्न मऊ करून द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तोच आहार.

द्राक्षं, बेदाणा आणि मळा: आपल्या भागातला खास धोका

तासगाव-कवठे महांकाळ म्हटलं की द्राक्षबागा आणि बेदाणा शेड आलेच. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यासाठी विषारी असू शकतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

द्राक्षं खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडं अचानक निकामी होतात. किती खाल्ली की त्रास होईल, हे आधी सांगता येत नाही. एखादा कुत्रा भरपूर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यातच आजारी पडतो. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असल्याने धोका जास्त. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाकडे यामागचं कारण म्हणून बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेतही असतं, म्हणून चिंचेचा कोळ घातलेली आमटीही नको.

"आमचं कुत्रं वर्षानुवर्षं शेडवर बेदाणे खातंय, काही झालं नाही" असं सांगणारे भेटतील. त्यांचं खरंही असेल. पण तुम्ही आणलेल्या नऊ वर्षांच्या कुत्र्याची मूत्रपिंडं आधीच थकलेली असू शकतात. खाल्ल्यावर साधारण दिवसभरात उलट्या सुरू होतात, मग मरगळ येते, खाणं सुटतं, पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी कमी होते. लक्षणांची वाट बघू नका. खाल्लेलं दिसलं की लगेच डॉक्टरकडे न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, त्यानेही विषबाधा होते.

बेदाणा करताना द्राक्षं बुडवायला पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलचं द्रावण वापरतात. त्याचे टब उघडे ठेवू नका. छाटणीनंतर लावायचं हायड्रोजन सायनामाइड, फवारणीची औषधं, उंदरांसाठीची गोळी यांपासून कुत्रा लांब राहील असं बघा. फवारणीच्या दिवशी तो घरीच बरा.

"मळ्यावर राखणीला होईल" या हिशेबाने म्हातारा कुत्रा आणणार असाल, तर आणू नका. त्याला ऐकू कमी येतं, थंडीत सांधे आखडतात, एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली उष्माघात होऊ शकतो. त्याला माणसांजवळ जागा हवी, सावली हवी आणि चोवीस तास पाणी हवं.

मुलं, चावा आणि रेबीज

दहा वर्षांखालचं मूल आणि नवा कुत्रा यांना एकटं सोडू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी. मुलांना तीन गोष्टी शिकवा: तो खाताना जवळ जायचं नाही, झोपलेला असताना हात लावायचा नाही, गळ्यात मिठी मारायची नाही. वयस्क कुत्र्याला कमी दिसतं, कमी ऐकू येतं. तो दचकून चावतो, वैराने नाही.

चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. जखम खोल असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. "घरचाच कुत्रा आहे" म्हणून टाळू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की तो जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. वेळेवर घेतलेल्या लशीने तो टळतो.

कायदा काय सांगतो?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा गुन्हा आहे. कुत्रा आखूड किंवा जड साखळीला अवास्तव काळ बांधून ठेवणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हेही याच कलमात येतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र आजही १० ते ५० रुपये आहे. म्हणजे त्या कुत्र्याचं खरं संरक्षण तुमची तयारी हेच.

भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात दत्तक घेण्याचा उल्लेख आहे. प्राणिप्रेमी स्थानिक संस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेऊ शकतात, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच राहील, असं त्यात म्हटलं आहे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणचे कुत्रे निवाऱ्यांत हलवायला सांगितलं गेलं. यातले बरेच कुत्रे मोठेच असणार, त्यामुळे त्यांना घर मिळण्याचा प्रश्न पुढे आणखी मोठा होईल.

कुणी घेऊ नये?

घरातल्या एकाचाही ठाम विरोध असेल, येत्या वर्षात गाव सोडायचं असेल, ऊसतोड किंवा इतर कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर राहावं लागत असेल, किंवा औषधोपचाराचा खर्च झेपणार नसेल, तर आत्ता घेऊ नका. दत्तक घेऊन परत सोडण्यापेक्षा न घेणं बरं. त्याऐवजी एखाद्या निवाऱ्यातल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा औषधखर्च उचला, काही आठवडे तात्पुरता सांभाळा, किंवा दारातल्या कुत्र्याचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घ्या.

शेवटाबद्दल

मोठा कुत्रा आणताना त्याचा शेवट आपल्याला बघावा लागणार, हे गृहीत धरावं लागतं. अनेकजण याच भीतीने मागे फिरतात. पण तो निवाऱ्यात राहिला तरी तो दिवस यायचाच असतो.

तो दिवस ओळखायला डॉक्टर मदत करतात. तो आपणहून खातो का, उठून उभा राहतो का, वेदना औषधाने आटोक्यात आहेत का, तुम्ही आलात की शेपूट हलतं का, हे रोज एका वहीत लिहून ठेवा. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त झाले, तर पशुवैद्यकाकडून वेदनारहित दयामरण हा पर्याय आपल्याकडे कायदेशीर आहे. ते इंजेक्शन देताना शक्य असेल तर तुम्ही त्याच्याजवळ थांबा. त्याला तुमचा आवाज आणि वास ओळखीचा असतो.

यातलं सगळं वाचूनही मन तयार असेल, तर पुढच्या वेळी पांढऱ्या तोंडाच्या कुत्र्याची पोस्ट दिसली की इमोजी टाकून थांबू नका. दिलेल्या नंबरवर फोन करा आणि त्याला भेटायला कधी येऊ, एवढं विचारा.